लसींसाठी फ्रीझर रूम बांधायची आहे: खर्च, गरजा आणि नियम

करवीरकर (धागाकर्ता)

नमस्कार. कोल्हापुरात आमचा घाऊक औषधविक्रीचा व्यवसाय आहे. शहरातील आणि आजूबाजूच्या तालुक्यांतील बालरोगतज्ज्ञांना व लहान रुग्णालयांना आम्ही लसी पुरवतो. आतापर्यंत लसींचा साठा मोठ्या फ्रिजमध्ये ठेवून भागत होते, परंतु व्याप वाढला असून एका कंपनीने वितरणाचे काम देण्यापूर्वी साठवणुकीची व्यवस्था पाहण्याची इच्छा व्यक्त केली आहे. तळमजल्यावरील गोदामाचा एक भाग मोकळा करून तेथे सुमारे ३ मीटर लांब, २.४ मीटर रुंद आणि २.३ मीटर उंच अशी उणे २० अंशांची फ्रीझर रूम बांधावी असा विचार आहे.

खोलीचा खर्च किती येईल, विजेचे बिल किती वाढेल, परवान्यात काही बदल करावा लागतो का आणि शीतगृहासाठी मिळणारे सरकारी अनुदान आम्हाला लागू होते का, हे जाणकारांनी सांगावे. आमच्याकडे पेंटाव्हॅलंट, हेक्साव्हॅलंट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संयुक्त लसी, न्यूमोकोकल, फ्लू, एचपीव्ही, टायफॉइड, रेबीज, हिपॅटायटिस ए व बी, एमएमआर, कांजिण्या आणि थोडी तोंडावाटे देण्याची पोलिओ लस असा साठा असतो.

---

साठपाल

करवीरकर, खर्चाकडे वळण्यापूर्वी तुमची यादी पुन्हा वाचा. त्या यादीतील पोलिओचे थेंब वगळले, तर आपल्याकडे मिळणारी जवळजवळ प्रत्येक लस २ ते ८ अंशांत ठेवायची आहे. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, न्यूमोकोकल, एचपीव्ही या लसी गोठल्या तर त्या कायमच्या वाया जातात. म्हणजे आपण ज्या खोलीवर पैसे खर्च करू पाहता, त्या खोलीत आपला बहुतेक साठा ठेवताच येणार नाही. आपल्याला हवी आहे ती कूलर रूम, सरकारी भाषेत डब्ल्यूआयसी (वॉक-इन कूलर), आणि आपण विचारत आहात डब्ल्यूआयएफबद्दल (वॉक-इन फ्रीझर).

मी जिल्हा लस भांडारात औषध निर्माण अधिकारी म्हणून निवृत्त झालो, म्हणून सरकारी साखळीतील गणित सांगतो. केंद्राच्या मुंबईतील वैद्यकीय साठा भांडारातून लस पुण्याच्या राज्य भांडारात येते, तेथून परिमंडळांकडे, मग जिल्ह्यांकडे आणि शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रात. उणे १५ ते उणे २५ अंशांच्या चालत जाण्याजोग्या खोल्या या साखळीच्या वरच्या टोकालाच लागतात, कारण पोलिओ लसीचा प्रचंड साठा तेथे महिनोन्‌महिने राहतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटातील बालके १ कोटी ३३ लाखांच्या आसपास होती. पल्स पोलिओची एक फेरी घ्यायची म्हटले तरी किती कुप्या एका वेळी हाताशी लागतील, याची कल्पना यावरून करता येईल. प्राथमिक आरोग्य केंद्रात मात्र लस आयएलआरमध्ये (भिंतींत बर्फाचा थर असलेल्या फ्रिजमध्ये) असते आणि तेथील डीप फ्रीझर मुख्यतः आइसपॅक गोठवण्यासाठी वापरतात, ही गोष्ट बाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसते.

आता आपल्या पोलिओ साठ्याचा हिशेब. वीस डोसांच्या कुपीत खोक्यासह एका डोसला साधारण १ घनसेंटीमीटर जागा लागते. दोनशे लिटरच्या आडव्या डीप फ्रीझरची निम्मीच जागा खरोखर भरता येते असे धरले, तरी त्यात लाखभर डोस मावतात. आपण जी खोली सांगता तिचे घनफळ १६.५ घनमीटर होते. योगायोगाने सरकारी खरेदीतही १६.५ आणि ३२ घनमीटर हीच प्रचलित मापे आहेत. मांडण्या, मधली चालण्याची जागा, पंख्यासमोरची मोकळी जागा वजा केल्यावर त्यातले चार-पाच घनमीटर हाती राहतात. चार घनमीटर म्हणजे चाळीस लाख डोस! कोल्हापूर, सांगली, सातारा तिन्ही जिल्ह्यांतील खासगी दवाखाने मिळूनही आपल्याकडे एवढे मागणार नाहीत.

शिवाय पोलिओचे थेंब उणे २० अंशांत दोन वर्षे टिकतात, तरी २ ते ८ अंशांतही सहा महिने टिकतात. आपला माल महिना-दोन महिन्यांत फिरत असेल, तर फ्रीझरशिवायही तो नियमात बसतो. एक साधा डीप फ्रीझर ठेवा आणि सर्व लक्ष कूलर रूमकडे द्या.

---

करवीरकर

साठपालसाहेब, मनापासून आभार. कंपनीच्या प्रतिनिधीने 'कोल्ड स्टोअरेज' एवढेच म्हटले होते, खोली उणे तापमानाची हवी असे कोणीच सांगितले नव्हते. कोविडच्या काळात उणे सत्तर अंशांच्या बातम्या सतत कानावर पडत होत्या, त्याचाही परिणाम असावा. तरीही दोन्ही खोल्यांच्या खर्चातील फरक समजून घ्यायला आवडेल.

---

साठपाल

उणे सत्तर ही अट फायझरच्या लसीसाठी होती आणि ती आपल्या राष्ट्रीय मोहिमेत आलीच नाही. १६ जानेवारी २०२१ रोजी मोहीम सुरू झाली ती कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिनवर, आणि दोन्ही २ ते ८ अंशांच्या. पुण्यात तयार झालेल्या एमआरएनए लसीला २०२२ साली परवानगी मिळाली, तीसुद्धा शुष्क स्वरूपात असल्यामुळे २ ते ८ अंशांतच ठेवता येत होती.

---

कंडेन्सर

इचलकरंजीत रेफ्रिजरेशनची कामे घेतो. दुधाच्या, आइस्क्रीमच्या आणि औषधांच्या खोल्या उभारल्या आहेत. करवीरकरांनी फरक विचारला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या मापाच्या खोलीचे सहा पृष्ठभाग मिळून सुमारे ३९ चौरस मीटर पॅनेल लागते. कूलर रूमला १०० मिलिमीटर जाडीचे पफ (पॉलियुरेथेन फोमचे) पॅनेल पुरते. फ्रीझर रूमला मी १५० च्या खाली जात नाही. बाहेर ४३ अंश आणि आत उणे २० म्हणजे ६३ अंशांचा फरक झाला. १५० मिलिमीटरच्या पॅनेलमधून एवढ्या फरकाला साधारण ३८० वॅट उष्णता आत झिरपते, तर १०० मिलिमीटरमधून ५७० वॅटच्या आसपास. कूलर रूम ५ अंशांवर ठेवायची असेल तर फरक ३८ अंशांचाच राहतो आणि १०० मिलिमीटरच्या पॅनेलमधून ३४० वॅट येतात. म्हणजे भिंतींतून येणारी उष्णता दोन्हीकडे जवळपास सारखी. मग फ्रीझर महाग का पडतो? कारण उणे २० ला तेवढीच उष्णता बाहेर फेकायला कंप्रेसरला जास्त वीज लागते. शिवाय दिवसातून काही वेळा डिफ्रॉस्टचे हीटर चालतात, दाराच्या चौकटीत हीटर असतो आणि दार उघडताच शिरणारी दमट हवा कॉइलवर बर्फ होऊन बसते. पावसाळ्यात आपल्या भागात या शेवटच्या गोष्टीचाच खरा त्रास आहे. कूलर रूममध्ये कॉइलचा बर्फ उतरवायला बहुधा पंखा चालू ठेवून कंप्रेसर थांबवला तरी पुरते.

फ्रीझर रूमचा आणखी एक छुपा खर्च जमिनीत असतो. तळमजल्यावर उणे तापमानाची खोली थेट कोब्यावर बसवली, तर काही काळाने खालची माती गोठून फुगते आणि फरशी उचलली जाते. म्हणून खाली हवा खेळण्याचे पाइप किंवा हीटर द्यावे लागतात. कूलर रूमला हा प्रश्न येत नाही. तसेच फ्रीझर खोलीला दाब समान ठेवणारा व्हॉल्व लागतो, नाहीतर दार बंद केल्यावर आतली हवा आकसते आणि दार काही मिनिटे उघडतच नाही.

विजेचा ढोबळ हिशेब असा. फ्रीझर रूम हीटर-पंख्यांसह सरासरी तासाला २ युनिट घेते असे धरा, म्हणजे महिन्याला १,४४० युनिट. युनिटला ११ रुपये धरले तर १५,८०० रुपयांच्या आसपास. त्याच मापाची कूलर रूम सरासरी ०.९ युनिटवर चालली तर महिन्याला साडेसहाशे युनिट, म्हणजे सात हजारांच्या आसपास. तुमचा दर आणि दार किती वेळा उघडते, यावर हा आकडा वरखाली होईल.

आता बांधणीचा खर्च. लोक मला पहिला प्रश्न खोलीचा विचारतात, पण खोली हा त्यातला स्वस्त भाग आहे. पॅनेलला चौरस मीटरला अडीच हजार धरले तरी ३९ चौरस मीटरचे लाखभर रुपये होतात. दार, मांडण्या, वायरिंग धरून त्यात तेवढेच आणखी. खरा पैसा यंत्रांत जातो, आणि लसीच्या खोलीला यंत्र एक नव्हे, दोन लागतात. दोन्ही स्वतंत्र कंडेन्सिंग युनिट, दोन्ही स्वतंत्र कॉइल, आणि प्रत्येक युनिट एकटेच पूर्ण भार उचलू शकेल एवढे मोठे. टायमरने ती आळीपाळीने चालतात, त्यामुळे दोन्ही फिरती राहतात आणि एक बंद पडले तर दुसरे आपोआप पुढे येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वमान्यता यादीतील खोल्यांना हीच अट असते. खासगी घाऊक विक्रेत्याला ती यादी कायद्याने बंधनकारक नाही, परंतु कंपनीचा तपासनीस पहिला प्रश्न हाच विचारील. एका युनिटची खोली आइस्क्रीमला चालते, कारण आइस्क्रीम वितळले तर ते दिसते. लसीचे तसे नाही.

खोली थंड करणाऱ्या गॅसबद्दलही सांगून ठेवतो. बाजारात अजून आर-४०४ए वर चालणारी फ्रीझर युनिटे सर्रास मिळतात. त्याची तापमानवाढ क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३,९०० पट आहे. किगाली कराराखाली (असे वायू टप्प्याटप्प्याने घटवण्याचा आंतरराष्ट्रीय करार) भारतात अशा वायूंचा वापर २०२८ पासून गोठवला जायचा आहे आणि २०३२ पासून कपात सुरू होईल. आज घेतलेले युनिट पंधरा वर्षे चालवायचे असेल, तर हा गॅस पुढे महाग पडणार हे धरून चाला.

---

बालवैद्य

साताऱ्यात बालरोग विभाग सांभाळतो. लस बिघडली तरी ते दिसत नाही, हे कंडेन्सर यांनी लिहिले ते फार महत्त्वाचे आहे, म्हणून लस घेणाऱ्याच्या बाजूने थोडे लिहितो.

गरमीने लस किती बिघडली ते पोलिओच्या कुपीवरील व्हीव्हीएमचा (उष्णता दाखवणाऱ्या खुणेचा) चौकोन गडद होऊन सांगतो. गोठल्याचे असे चिन्ह कुपीवर नसते. हिपॅटायटिस बीची लस उणे अर्ध्या अंशाला गोठू लागते. ॲल्युमिनियमच्या क्षाराला चिकटलेला प्रतिजन (लसीचा मुख्य घटक) गोठून वितळला की कण एकत्र येतात आणि पुन्हा वेगळे होत नाहीत. कुपी हलवली तर चांगल्या लसीसारखीच थोडी गढूळ दिसते आणि निरोगी दिसणाऱ्या कुपीतूनच निष्प्रभ लस टोचली जाते. शेक टेस्टने (कुपी हलवून गाळ किती लवकर बसतो ते पाहून) ओळखता येते, पण त्यासाठी त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून तुलनेला ठेवावी लागते, आणि खासगी दवाखान्यात ते कोण करणार?

मला एका पुरवठादाराकडून पेंटाव्हॅलंटचे खोके थेट फ्रीझरमधून काढलेल्या टणक आइसपॅकला चिकटवून आलेले आहेत. मी ते परत पाठवले. आइसपॅक बाहेर काढून, हलवल्यावर आत पाणी खुळखुळेपर्यंत थांबायचे असते, हे कधी कधी तासभरही लागणारे काम गडबडीत टाळले जाते. करवीरकर, कूलर रूम बांधा, परंतु पॅकिंगच्या टेबलाशेजारी आइसपॅक मऊ करण्याची जागाही त्यातच आखून घ्या. त्याला खर्च जवळजवळ नाही.

खोलीत माल कुठे ठेवायचा याबद्दलही एक विनंती. ज्या मांडणीवर पंख्याची थंड हवा थेट पडते तेथे ॲल्युमिनियमयुक्त लसी ठेवू नयेत. आमच्या लहान आयएलआरमध्येही तळाच्या टोपलीत त्या ठेवत नाहीत, कारण तेथेच गोठण्याचा धोका सर्वाधिक असतो.

---

मांडवी

मी गोव्याचा. येथे समुद्राची हवा असल्यामुळे बाहेरच्या युनिटच्या कॉइलचे पंख दोन-तीन पावसाळ्यांत खाऊन जातात आणि मग युनिट चालूनही खोली थंड होत नाही. कोल्हापूरला खारी हवा नाही, पण कोकणातला कोणी हा धागा वाचत असेल तर त्याने लेप दिलेल्या पंखांचीच कॉइल मागावी आणि युनिट समुद्राच्या बाजूच्या भिंतीला लावू नये.

एक प्रश्न: जनरेटर किती क्षमतेचा घ्यावा? आमच्याकडे सांगणारे प्रत्येक जण वेगळा आकडा सांगतात.

---

कंडेन्सर

मांडवी, चालू भार पाहून जनरेटर घेतला की चूक होते. थेट सुरू होणारा कंप्रेसर चालू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट खेचतो. म्हणून चालू भाराच्या अडीच-तीन पट क्षमता धरावी आणि दोन्ही कंप्रेसर एकाच क्षणी सुरू होणार नाहीत असा टायमर लावावा. त्याला एएमएफ पॅनल (वीज गेल्यावर जनरेटर आपोआप सुरू करणारे) हवेच. रात्री दोन वाजता वीज गेली तर चावी फिरवायला कोणी येणार नाही.

तीन फेज असलेल्या ठिकाणी सिंगल फेज प्रिव्हेंटर आणि सर्वो स्टॅबिलायझर विसरू नका. एक फेज गेल्यावर कंप्रेसर गुरगुरत जळतो. गेल्या काही वर्षांत मी पाहिलेले निम्मे जळालेले कंप्रेसर याच कारणाचे होते.

करवीरकर, तुमच्यासाठी मात्र वेगळी काळजी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात कुठवर आले होते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. शाहूपुरीच्या काही गल्ल्यांतही पाणी शिरले होते. गोदाम तळमजल्यावर आहे म्हणता. खोलीचा पाया, बाहेरची युनिटे, पॅनल आणि जनरेटर, सर्व काही त्या वेळच्या पाण्याच्या खुणेच्या वर हवे. खोली कोरडी राहिली आणि जनरेटर बुडाला तर त्या कोरड्या खोलीचा काही उपयोग नाही. तेवढा ओटा बांधता येत नसेल तर जागाच बदला.

---

हिशेबनीस

अनुदानाबद्दल कोणी लिहिले नाही. शीतगृहांसाठीच्या ज्या केंद्रीय योजनांची नावे नेहमी कानावर पडतात, त्या राष्ट्रीय फलोत्पादन मंडळाच्या वा फलोत्पादन अभियानाच्या आहेत. त्या फळे-भाज्या-फुलांसाठी आहेत आणि लसींची खोली त्यात बसत नाही. एखाद्या एजंटाने 'मिळवून देतो' म्हटले तर त्याला पैसे देऊ नका.

विमा मात्र जरूर घ्या. साठा खराब होण्याचा विमा स्वतंत्र असतो, आणि तो साधारणपणे यंत्र बिघाडाच्या विम्याला जोडूनच दिला जातो. आगीच्या साध्या पॉलिसीत कंप्रेसर बंद पडून खराब झालेला माल येत नाही. दाव्याच्या वेळी तापमानाच्या नोंदी मागितल्या जातात, म्हणून लॉगरचा डेटा दर महिन्याला बाहेर काढून ठेवावा.

---

साठपाल

परवान्याबद्दल राहिले होते. लसी औषध नियमांच्या अनुसूची 'सी' मध्ये येतात, म्हणून घाऊक विक्रीसाठी २१-बी नमुन्यातील परवाना लागतो. करवीरकरांकडे तो असणारच. २०-बी वर, म्हणजे इतर औषधांच्या घाऊक परवान्यावर, लसी विकता येत नाहीत. परवान्यासोबत जागेचा जो नकाशा मंजूर झाला आहे त्यात खोली बांधल्याने फेरबदल होत असेल, तर काम सुरू करण्यापूर्वी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात कळवून सुधारित नकाशा मंजूर करून घ्यावा. बांधून झाल्यावर दाखवायला गेले की पत्रव्यवहार लांबतो.

खोली हातात आल्यावर त्याच दिवशी माल भरू नये, हेही नोंदवतो. आधी रिकाम्या खोलीत आणि नंतर भरलेल्या खोलीत, किमान एक ते तीन दिवस, कोपरे, मधला भाग, दाराजवळ आणि पंख्याच्या झोतासमोर लॉगर ठेवून तापमानाचा नकाशा काढतात. ज्या कोपऱ्यात २ च्या खाली किंवा ८ च्या वर जाते त्या ठिकाणी मांडणीच ठेवायची नाही. हा अहवाल बहुतेक कंपन्या मागतात. सेन्सरचे कॅलिब्रेशन दरवर्षी एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून करून घ्यावे. सरकारी भांडारांत २०१५ पासून ई-विन (लससाठ्याची व तापमानाची ऑनलाइन नोंद ठेवणारी प्रणाली) आले आणि तापमान थेट मोबाइलवर दिसू लागले. तसाच जीएसएम अलार्म खासगी खोलीलाही मिळतो, आणि संदेश मालकासह आणखी एका माणसाला जाईल अशी सोय करा. मालक लग्नाला गेला असताना वीज जाते, हा अनुभवाचा नियम आहे.

---

करवीरकर

सर्वांचे आभार. फ्रीझर रूमचा विचार सोडून दिला आहे. दोन स्वतंत्र युनिटांची कूलर रूम आणि पोलिओसाठी एक डीप फ्रीझर असा आराखडा ठरला. तळमजल्याऐवजी पहिल्या मजल्यावर जागा पाहत आहे, कारण २०१९ ची खूण आमच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर आहे. एकच शंका: पहिल्या मजल्यावर जायचे असेल तर एवढी मोठी खोली बांधण्याऐवजी चार-पाच आयएलआर ठेवले तर? वीज गेल्यावर त्यांचा थंडावा जास्त टिकतो असे ऐकतो.

---

कंडेन्सर

टिकतो, ते खरे आहे. आयएलआरच्या भिंतींत बर्फाचा थर असतो आणि मान्यताप्राप्त आयएलआरला ४३ अंशांच्या उन्हाळ्यातही किमान २० तास थंडावा धरण्याची अट आहे. खोलीत बर्फ नसतो, त्यामुळे वीज गेल्यावर ती काही तासांतच ८ च्या वर जाऊ शकते. म्हणून तर जनरेटर.

तुमच्या मालात प्रीफिल्ड सिरिंज किती आहेत त्यावर ठरेल. एका सिरिंजच्या खोक्याला पन्नास घनसेंटीमीटर जागा लागू शकते, म्हणजे शंभर लिटर खऱ्या जागेत फक्त दोन हजार. फ्लूच्या हंगामात, पावसाळ्यापूर्वी, तुमचा साठा सर्वाधिक असतो त्या आठवड्यातील खोक्यांची लांबी-रुंदी-उंची मोजून बेरीज करा. बेरीज अर्ध्या घनमीटरच्या आत आली तर आयएलआर घ्या, एका जागी बिघाड झाला तरी बाकीचा माल सुरक्षित राहतो. एका घनमीटरच्या वर गेली तर खोली. मधे आली तर पुढच्या तीन वर्षांची वाढ धरून मला कळवा, मी मापे पाहून सांगतो. पहिल्या मजल्यावर जाणारच असाल तर आधी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनियरकडून स्लॅबची ताकद तपासून घ्या. पॅनेल हलके असते, पण भरलेल्या मांडण्या आणि दोन युनिटे मिळून वजन एकाच जागी येते.